कशावरून तात्या

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जिंतूर एक्सचेंजच्या बोर्डासमोर बसले, कानांवर हेडसेट चढवला, परभणीची ट्रंक लाईन जोडली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाले, "हॅलो परभणी, जिंतूर बोलतंय."

पलीकडून एक भरड आवाज आला, "कशावरून?"

मी गोंधळले. "जिंतूर," मी पुन्हा म्हणाले.

"ते ऐकलं. पर जिंतूरच हाय कशावरून? जिंतूरला बाई न्हाई. कालपर्यंत गडी होता."

"त्यांची बदली झाली. आजपासून मी आहे."

"कुठं झाली बदली?"

"हिंगोलीला."

"थांब," आवाज म्हणाला आणि लाईन तुटली. त्यांनी हिंगोलीला फोन लावला, तो गडी खरोखरच तिथे हजर झालाय का याची चौकशी केली आणि मगच मला दिवसाचा पहिला कॉल दिला. तोवर जिंतूरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक माणूस 'हॅलो, हॅलो' करून दमला होता आणि माझ्याच नावानं खडे फोडत होता. माझं डोकं तापलं होतं. चार शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, पण नोकरी हंगामी होती म्हणून ते गिळले.

हे कशावरून तात्या. परभणीच्या ट्रंक बोर्डावरचे सर्वांत जुने ऑपरेटर. जिल्हाभरातल्या एक्सचेंजमधली माणसं त्यांना याच नावानं ओळखायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे. तात्या मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी 'जिंतूर' होते, पालमचा दिगंबर 'पालम' होता. माणसानं आपलं नाव काय सांगितलं याचा भरवसा नाही, वायर कुठून आली आहे ते तरी दिसतं, असा त्यांचा हिशेब असावा.

आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्या काळी फोन असा सहजासहजी लागत नसे. जिंतूरच्या माणसानं रिसीव्हर उचलून दांडा फिरवला की माझ्या बोर्डावर त्याच्या नंबराची झडप पडायची. मी दोरीचं टोक त्याच्या भोकात खोचायचे आणि विचारायचे, कोण हवंय? गावातलं कुणी हवं असेल तर मीच जोडून द्यायचे. बाहेरगावचं असेल तर परभणीला सांगायचे, आणि मग तात्या पुढचं जोडायचे. म्हणजे जिंतूरहून निघालेली प्रत्येक गोष्ट आधी माझ्या हातातून आणि मग तात्यांच्या हातातून जायची. बोलणं नीट चालू आहे ना, एवढं बघण्यापुरती बोर्डावरची 'की', म्हणजे ऐकायची कळ, उघडून मधे कान घालायची आम्हाला मुभा होती. त्याहून जास्त ऐकणं हा गुन्हा. ऐकलेलं बाहेर सांगितलं तर नोकरीच जायची.

तात्यांना संशयासाठी मोठं कारण लागत नसे. एक्सचेंजच्या घड्याळात किती वाजले हे ते दोन ठिकाणी विचारायचे, आणि दोन्हीकडून एकच वेळ आली की म्हणायचे, "दोघांनी ठरवून सांगितलं असंल." एकदा मी बोलता बोलता म्हटलं, "तात्या, इकडे पाऊस पडायलाय." लगेच आलंच, "कशावरून?" मी म्हटलं, "आवाज येतोय की पत्र्यावर." तर म्हणाले, "माकडं नाचत असतील. खिडकीतनं हात भाईर काढ अन् सांग." मी सरकारी बोर्ड सोडून खिडकीपर्यंत गेले, हात ओला करून आले, आणि परत बसल्यावर मलाच माझं हसू आलं.

हा स्वभाव कुठून आला, ते त्यांनीच एका रिकाम्या दुपारी सांगितलं होतं. त्यांचं घर वालूरकडचं, मेंढरं राखणारं. लहानपणी त्यांच्या कळपातली कोकरं गायब व्हायला लागली. लांडगा आलाय म्हणून सगळं घर काठ्या घेऊन रानात बसायचं. "अन् निघालं कोण म्हणतीस? आमच्याच राखणीचं कुत्रं. माझ्याच हातची भाकर खायाचं. रक्त पुसून माझ्याच पायाशी येऊन झोपायचं." मग म्हणाले, "तवापास्नं मी पाठ करून झोपत न्हाई." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची थोडी कीव आली.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आम्ही बौद्ध. माझ्या मावशीचं खेड्यातलं घर त्या धामधुमीत जळालं होतं, आणि आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली मुलगी होते. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून मला वाटलं होतं की इथे तरी सुखानं काम करता येईल. पण लोक आवाजाला आडनाव विचारायचे. "आपलं नाव काय म्हणालात? पुढचं?" मी म्हणायचे, "ऑपरेटर." तरी गावाला कळायचं ते कळलंच. मग बोलणारे मधेच थांबायचे, आवाज खाली आणायचे, आणि मी 'की' बंद करता करता एवढं ऐकू यायचं, "लाईनवर ती हाय."

तात्यांनाही माझं आडनाव लवकरच कळलं असणार, कारण त्यांना सगळंच कळायचं. मी वाट बघत होते, आता यांचा सूर बदलेल. काडीचा बदलला नाही. आडनाव कळायच्या आधी ते माझ्यावर जेवढा संशय घ्यायचे तेवढाच नंतर घेत राहिले. त्यांचा संशय साहेबावर होता, पोस्टमास्तरवर होता, डब्यातल्या स्वतःच्या बायकोच्या भाजीवर होता, आणि त्याच मापानं माझ्यावर होता. बाकीच्यांच्या संशयानं मला बाजूला काढल्यासारखं वाटायचं. तात्यांच्या संशयात मला चारचौघांत बसल्यासारखं वाटायचं, आणि हे मी त्या वेळी कुणालाही सांगू शकले नसते.

आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात जाऊन आला, त्या उन्हाळ्यात यानांचा खेळ सुरू झाला. डोकं पालमच्या दिगंबरचं. हा दिगंबर माझ्याच वयाचा, अखंड बडबड करणारा, पालमच्या छोट्या एक्सचेंजवर एकटाच बसणारा. मे महिन्याच्या दुपारी सगळा जिल्हा दारं लावून झोपलेला असायचा. एकही झडप पडायची नाही. तात्या परभणीला बसून आमच्या दोघांच्या लाईनी एकत्र जोडायचे आणि आम्ही तिघं तीन गावांतून एका वायरवर बोलत बसायचो. अशाच एका दुपारी दिगंबर म्हणाला, "आपण बी यानं उडवायची का?"

खेळ साधा होता. तिघांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सारखेच चौकोन आखायचे. आडव्या ओळींना अक्षरं, उभ्या ओळींना आकडे. ते आपलं आभाळ. त्यात आपली यानं आपल्याला हवी तिथे ठेवायची. पाळी आली की एक यान गुपचूप एका घरानं सरकवायचं आणि लाईनवर एखादं घर पुकारायचं. त्या घरात ज्याचं यान असेल त्यानं "लागलं" म्हणायचं आणि ते यान पुकारणाऱ्याला देऊन टाकायचं. असं करत जो जास्त यानं जमवील तो मोठा. माझी यानं म्हणजे ब्लाउजची हुकबटणं होती आणि त्यांना मी माझ्या मावश्या-आत्यांची नावं दिली होती, कारण त्यांना पळवून नेण्याची कुणाची छाती नव्हती. दिगंबरची यानं म्हणजे सोडावॉटरची बुचं. त्यातल्या एकाचं नाव 'गंगाखेड जलद'. तात्यांची मात्र पितळी होती. बोर्डाच्या झिजलेल्या दोऱ्यांची टोकं त्यांनी जपून ठेवली होती, ती ते राखेनं घासायचे. त्यांच्या यानांना नद्यांची नावं होती आणि सगळ्यात मोठं यान 'पूर्णा'.

आता गंमत बघा. कुणाचा कागद कुणाला दिसत नाही. लागलं की नाही लागलं, हे ज्याचं त्यानंच सांगायचं. संपूर्ण खेळ समोरच्याच्या शब्दावर चाललेला, आणि खेळायला बसलेले कोण, तर तात्या! मी "नाही लागलं" म्हटलं की ते म्हणणार, "कशावरून?" दिगंबर म्हणायचा, "आईशप्पथ तात्या." तर तात्या म्हणायचे, "तुझी आई माझ्या वळखीची न्हाई." तरीही त्यांनी खेळ सोडला नाही. उलट दुपार झाली की पहिली घंटी त्यांचीच यायची. संशय घ्यायला इतकी सुपीक जमीन त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होती?

आणि त्यांचा संशय दर वेळी वाया जायचा नाही, हेही सांगायला हवं. एकदा बरेच दिवस ते रोज नेमानं ओळीनं एकेक घर पुकारत गेले. सगळं आभाळ संपलं, तरी पालमचं एकही यान लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पालम, तुझी यानं खिशात घालून हिंडायलास का?" दिगंबरनं आधी आढेवेढे घेतले. शेवटी कळलं, झाडणाऱ्या बाईनं त्याची सगळी बुचं केराबरोबर बाहेर फेकली होती. पालमचं आरमार उकिरड्यावर गेलं होतं, आणि हा गृहस्थ नसलेली यानं सरकवत आमच्याशी लढाया करत होता. तात्या त्या दिवशी इतके खूष होते की त्यांनी मला एक अर्जंट कॉल चौकशी न करता दिला.

खेळात दोस्ती करायलाही परवानगी होती. कधी कधी तात्या पालमची लाईन बाजूला काढायचे आणि हळूच मला म्हणायचे, "जिंतूर, आपली दोस्ती. पूर्णा ग-सातला हाय. तिकडं पुकारू नको अन् पालमला सांगू नको." दिगंबर माझ्याकडून ही बातमी काढायला टपलेला असायचा. पूर्णेच्या जागेसाठी तो मला 'गंगाखेड जलद' सकट तीन यानं द्यायला तयार होता. मी सांगितलं नाही. यात माझा फार मोठेपणा होता असं नाही. बोर्डावर बसून कानावर आलेलं तिथंच ठेवायची सवय हाडीमासी गेली होती. दिगंबरला मात्र तात्यांनी काही सांगितलं की तो तासाभरात लाईनवर येऊन मला ओकायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी ते घर पुकारायचे. तिथे पूर्णा कधीच लागायची नाही. मला वाटायचं, दिगंबर थापा मारतोय.

असं वर्षभर चाललं. मग ती तक्रार आली.

जिंतूरच्या मोंढ्यातले एक वजनदार आडते होते. त्यांनी एका दुपारी परभणीला कुणाशी तरी ट्रंक कॉलवर बोलणं केलं. तो कॉल मी जोडला होता. पुढे तक्रारीतूनच मला कळलं की त्या बोलण्यात नामांतराच्या मोर्चाच्या दिवशी सगळा बाजार बंद ठेवायचं ठरलं होतं. मोर्चा आला तर त्याला रिकामे रस्ते आणि बंद दारं भेटावीत, चहापाणीसुद्धा मिळू नये. पण मोर्चावाल्यांना आधीच सुगावा लागला आणि त्यांनी मोर्चा एक दिवस अलीकडे घेतला. भर बाजारातून माणसं घोषणा देत गेली. आडत्यांनी लेखी तक्रार दिली की ऑपरेटरनं बोलणं ऐकलं आणि आपल्या लोकांना सांगितलं.

मी ऐकलं नव्हतं. बोलणं जुळलं, मी 'की' बंद केली, संपलं. शिवाय बाजार बंद ठेवायचा तर हमालांना सांगावं लागतं, चहावाल्यांना सांगावं लागतं, गाडीवानांना सांगावं लागतं. आणि हमालांतले निम्मे आमच्या वस्तीत राहतात. बातमी कुठून गेली असेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण तेवढा विचार करायची कुणाला गरज वाटली नाही. माझं आडनाव समोर होतं, काम भागलं होतं.

मी कायम होण्याची ऑर्डर निघायच्या बेतात होती. चौकशीत दोष लागला असता तर ऑर्डर राहिली बाजूला, होती ती नोकरीही गेली असती. घरात माझाच पगार, दोन भावंडं शाळेत. मी ड्युटीवर निघाले की वडील दारापर्यंत यायला लागले होते. त्यांचं ते दारापर्यंत येणं मला सोसत नसे.

आणि नेमक्या याच दिवसांत तात्या बदलले. दुपारची घंटी बंद झाली. खेळाचं नाव निघेना. कामापुरतं बोलायचे, तेही तुटक. तक्रारीची बातमी पसरण्याच्या आधीच एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "त्या आडत्याच्या कॉलला 'की' किती वेळ उघडी ठेवली होतीस?" तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता ते आठवलं. यांना हे कशाला हवं होतं? दिगंबरनं त्यात भर घातली. "जिंतूर, सांभाळून राहा. तात्याला सुपरवायझरची जागा मिळायलीय. सायबाला खूष करायला तुझा बळी देतोय बघ." मी दिगंबरला झापलं, पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. मलाही आता पावलोपावली कशावरून, कशावरून असंच वाटायला लागलं होतं.

चौकशीला मला परभणीला बोलावलं. एसटीनं गेले. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. तात्यांना तोपर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. आवाजावरून मी मनात एक आडदांड, गलमिश्यावाला माणूस उभा केला होता. शेजारी एक काटकुळा, काळासावळा म्हातारा येऊन बसला, डोक्याला रुमाल, पायात झिजलेल्या वहाणा. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "जिंतूर?"

तो आवाज! मी म्हटलं, "होय."

"कशावरून?"

मला रडू यावं की चीड यावी ते कळेना. मी ओळखपत्र काढून त्यांच्या पुढ्यात आपटलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि मी ताडून बघितलं, परत दिलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. माझी खात्रीच पटली की घात झाला.

आत साहेब होते, बाहेरून आलेले, शहरी बोलणारे, उतावळे. माझा जबाब झाला. मग त्यांनी तात्यांना विचारलं, "तुम्ही रोज यांच्याबरोबर काम करता. यांना बोलणी ऐकायची, ती बाहेर सांगायची सवय आहे का?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

अशा वेळीही मला हसू फुटणार होतं. पण तात्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते तिथंच विरलं. त्यांनी रुमालाच्या टोकानं मान पुसली. मग म्हणाले, "साहेब, मी हिला वर्षभर तपासायलोय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आम्ही तिघं लाईनवर यानांचा खेळ खेळायचो. ते मला त्यांच्या यानाची एक खोटी जागा सांगायचे. पालमला दुसरी खोटी जागा सांगायचे. "पालमला दिलेली जागा दुसऱ्या दिशी जिंतूरहून पुकारली जायची. म्हंजी पालम फुटका. जिंतूरला दिलेली जागा वर्षभरात कुठनंच आली न्हाई. पालम हिला यानं द्यायला तयार होता, तरी आली न्हाई. ज्या बाईच्या तोंडून खेळातली गोष्ट बाहेर पडत न्हाई, तिनं नोकरीतली सांगितली असं मी मानत न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सरकारी ट्रंक लाईनवर तुम्ही वर्षभर खेळ खेळत होता?"

"होय."

"आणि तिघांना जोडून कोण द्यायचं?"

"मीच. ह्यांचा दोष न्हाई. सीनियर मी हाय."

"हे लिहून द्याल?"

"देतो की."

त्यांनी लिहून दिलं. सही केली. सही झाल्यावर कागद पुन्हा एकदा वाचला, साहेबांनी मधे काही घुसवलं तर नाही ना ते बघितलं, आणि मग बाहेर गेले. मी मागोमाग धावले, तर व्हरांडा रिकामा होता.

माझ्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. मला आणि दिगंबरला ताकीद मिळाली, आणि पुढे मी कायम झाले. तात्यांची सुपरवायझरची जागा गेली. त्यांना बोर्डावरून उठवून भांडारात बसवलं, खांब आणि तारेची भेंडोळी मोजायला. दुसऱ्या दिवशी मी परभणी जोडलं, "जिंतूर बोलतंय" म्हणाले, आणि एक तरुण आवाज चटकन म्हणाला, "बोला जिंतूर." मी जिंतूर आहे हे त्यानं विचारल्याशिवाय मान्य केलं. हेडसेट बाजूला ठेवून मी तोंडावर पदर घेतला आणि मनसोक्त रडले.

तात्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. सेलूला उतरून वालूरची गाडी धरली. घर गावाबाहेर, अंगणाला लागूनच मेंढरं कोंडायचा वाडगा. मी पेढे नेले होते. त्यांनी पुडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "आधी तू खा." मी एक पेढा खाल्ला, मग त्यांनी खाल्ला, मग आतून काकूंना हाक मारून चहा टाकायला सांगितला. माझी भावंडं काय करतात, वडील कसे आहेत, पालम अजून तेवढाच बोलतो का, असं सगळं विचारून झालं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

इकडे तिकडे बघून ते पुढे सरकले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आता हितं कुणी न्हाई. खरं सांग, जिंतूर. त्या दिशी ऐकलं होतंस का?"

माझं टाळकंच फिरलं. "तात्या! तुमी तर साहेबासमोर सांगितलंत, तपासलंय म्हणून!"

"ते खेळातलं. खेळात सरळ वागणारी माणसं म्या लय बघितलीत. त्यावरनं काय सिद्ध होतंय?"

"म्हणजे तुमाला माहीतच नव्हतं?"

"न्हाई."

"मग लिहून कशाला दिलंत? आणि मी ऐकलं असतं तर?"

"तरी दिलं असतं." ते वाडग्याकडे बघत बोलत होते. "तो कॉल दोन बोर्डांवरनं गेला. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. कागद निसता तुझ्या नावानं निघाला. मी रोज वाट बघायलो, आज येतंय बोलावणं, उद्या येतंय. त्यापायीच तुझ्याशी बोलत नव्हतो, दोघांनी ठरवून सांगितलं म्हणतील. पर मला बोलावलं ते कशाला, तर तुझ्याबद्दल इचारायला. तात्या, तू ऐकलंस का, असं एकानं बी तोंडातनं काढलं न्हाई. जल्मभर म्या संशयच घेतला, पर वायरीला दोन टोकं असताना एकच टोक धरलं न्हाई कधी. ह्याला काय संशय म्हणत्यात व्हय?"

चहा आला तो तसाच राहिला. मी म्हणाले, "न्हाई ऐकलं, तात्या."

त्यांनी मान हलवली. मानलं की नाही, कोण जाणे.

मग मीही पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत रोखून बघितलं आणि विचारलं, "आणि तुमी? तुमी ऐकलं होतंत का?"

तात्यांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"कुणी तरी इचारलं, जिंतूर," ते म्हणाले.